दातातला उजेड

दुधाचे दात पडले की वरच्या ओळीत मधोमध पटाशीचे दोन दात येतात आणि मग काही महिने त्या लहानग्या चेहऱ्यात दुसरं काही दिसतच नाही. जिवणी एवढीशी, गाल अजून बाळाचे, आणि त्यात हे दोन रुंद, धीट, मोठ्या माणसाचे दात. सातव्या-आठव्या वर्षी ते येतात आणि जन्मभराच्या बोलीनं येतात. मूल तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं असताना अगदी जवळून पाहावं. त्यांची कड सरळ नसते. तीन बारीक उंचवटे असतात तिच्यावर, पहाटेच्या धुक्यात दूरवर दिसणाऱ्या डोंगररांगेसारखे. चावून चावून पुढे ते झिजतात, कड सपाट होते, आणि तिथं कधी डोंगर होते हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मला त्या कडेवरचा उजेड फार आवडतो. एनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, आपल्या सगळ्या शरीरातलं सर्वांत कठीण. वजनानं जवळजवळ 96 टक्के नुसतं खनिज. पण एवढं कठीण असूनही ते उजेडाला अडवत नाही. उजेड त्यातून आत शिरतो, आतल्या पिवळसर डेंटिनला टेकतो आणि थोडी ऊब घेऊन परत फिरतो. आपण ज्याला दाताचा रंग म्हणतो तो असा आत जाऊन आलेला उजेड असतो. अगदी कडेला मात्र आत डेंटिन नसतंच, आणि तिथं दात निळसर, राखाडी, जवळजवळ पाण्याचा होतो. ओसरीतल्या तिरप्या उन्हात लेक हसली की आधी ती कड चमकायची आणि हसू मागून यायचं.

हे कवच घडतं कधी, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते. वरच्या पटाशीच्या दाताचं एनॅमल मूल तीन-चार महिन्यांचं असताना जबड्याच्या आत, हिरडीखाली, घडायला लागतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पुरं होतं. म्हणजे मी तिला मांडीवर घेऊन पायाचा हलका झोका देत होते, पावसानं पत्रे वाजत होते, वेखंडाचा आणि तेलाचा वास त्या खोलीत भरून राहिला होता, तिला पहिला ताप आला आणि रात्रभर मी तिच्या कपाळावरच्या घड्या बदलत राहिले, उष्टावणाच्या दिवशी तिनं खिरीचं बोट तोंडात घेऊन ते परत बाहेर ढकललं, पहिलं पाऊल टाकलं, उंबऱ्याला अडखळली, रडली, हसली, त्या सगळ्या काळात त्या बिनदाती हसण्यामागे अंधारात हा दात थरावर थर चढवत होता. ते थर पुसले जात नाहीत. भिंगाखाली त्यांच्या रेषा दिसतात. मोठं आजारपण आलं तर त्याचीही रेष उमटते. आणि दात हिरडीतून वर आला की ज्या पेशींनी हे सगळं घडवलं त्या संपून जातात.

त्यांना पुन्हा बोलावता येत नाही.

माझी लेक खो-खो खेळते. साताऱ्याकडे पावसाचा जोर ओसरायला लागला की शाळाशाळांच्या मैदानांवर पोरी उतरतात. माती अजून ओली असते, अजिंक्यताऱ्यावर ढग टेकलेले असतात, आणि संध्याकाळभर ‘खो’ ऐकू येत राहतो. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला खांबावरच्या सुराचं वेड लागलं होतं. पळणारी पोरगी खांबाला वळसा घालते त्याच क्षणी एका हातानं खांब धरायचा आणि सगळं अंग आडवं हवेत झोकून दुसरा हात लांबवायचा. ते जमलं की माणूस क्षणभर जमिनीचा राहत नाही. मोठ्या मुलींचं बघून बघून ती रोज ते करत होती. त्या दिवशी खांब ओला होता. हात सुटला.

मी तिथं नव्हते. दात तुटल्याचा आवाज मैदानावर कुणीच ऐकला नाही. तिनं ऐकला. “आई, आतून आवाज आला,” एवढंच ती मला नंतर म्हणाली आणि डोक्याच्या मागे बोट लावून दाखवलं, जणू तो आवाज तिथं कुठंतरी अजून होता.

तिच्या खो-खोच्या सरांचे मी उपकार मानते. त्यांनी आधी तिचं तोंड धुतलं, ओठावर स्वच्छ रुमाल दाबून धरला आणि मग सगळ्या पोरींना एका ओळीत उभं करून वाकून चालायला लावलं. अंधारून आलेलं मैदान, काळपट ओली माती, आणि तिच्यावर कमरेत वाकून हळूहळू पुढे सरकणारी पोरींची ती रांग. पेरणी झाल्यावर काही उगवलं का म्हणून शेतात बघतात तशा त्या चालल्या असणार. तुकडा सापडला खांबापासून बराच दूर. चिखलात तो चमकला म्हणून सापडला.

शाळेसमोरच्या चहावाल्याकडून सरांनी पेलाभर थंड दूध घेतलं आणि तुकडा त्यात सोडला. “ताई, घाबरू नका, तुकडा आहे आपल्याकडे,” म्हणत त्यांनी तो पेला माझ्या हातात दिला तेव्हा मी आत पाहिलं. पांढऱ्यात पांढरं काही दिसेना. पेला कलला. तळाशी बारीक किणकिण झाली.

सरांना हे माहीत होतं याचं मला अजून नवल वाटतं, आणि ते सगळ्या शाळांमधून, सगळ्या घरांमधून माहीत असावं असंही वाटतं. तुकडा वाळता कामा नये. वाळला की तो पांढराफटक पडतो आणि पुढे नीट जुळत नाही. दुधात, सलाइनमध्ये, काहीच नसेल तर साध्या पाण्यात, पण ओला राहिला पाहिजे. आणि कधी पक्का दात मुळासकट निखळून पडलाच, तर घाई आणखी मोठी. दात मुळाला हात न लावता वरच्या बाजूनं धरायचा, घासायचा नाही, माती असेल तर नुसता खळखळून घ्यायचा, जमलं तर तिथंच परत खाचेत बसवायचा आणि मुलाला रुमालावर चावून धरायला सांगायचं. नाही जमलं तर दुधात ठेवून धावायचं. मुळाभोवती जिवंत पेशी असतात, कोरड्यावर त्या तासाभराच्या आत मरायला लागतात. मात्र दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवायचा नाही. खालून येणाऱ्या दाताला त्याचा धक्का लागतो.

रिक्षात ती माझ्या कुशीत तोंडावर हात ठेवून बसली होती. मला वाटलं लाजते आहे. “हवा लागते,” ती हाताआडून म्हणाली.

हवा लागते. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या दाताला हवा लागत होती. डेंटिन सगळं पोकळ असतं. एका चौरस मिलिमीटरात हजारो सूक्ष्म नळ्या, आणि प्रत्येकीत द्रवाची एक तार आतल्या नसेपर्यंत गेलेली. वाऱ्याची झुळूक आली, गार पाणी लागलं, की ती तार हलते आणि ते हलणं आत कळ होऊन पोचतं. मार्टिन ब्रेनस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश संशोधकानं 1960 च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवून दिलं. मला मात्र ते त्या रिक्षात, पोवई नाक्याच्या गर्दीत, तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर आकसणाऱ्या खांद्यांतून कळत होतं. एवढ्याशा जागेतून अख्खं बाहेरचं जग तिच्या आत शिरत होतं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी तिचा हात अलगद खाली घेतला. दात तिरका तुटला होता, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या बाजूच्या मध्यापर्यंत. आणि त्या तिरक्या पिवळसर उतारावर, मध्यावर, एक गुलाबी ठिपका. टाचणीच्या डोक्याहून मोठा नसेल. त्यातून रक्ताचा एक थेंब फुगून वर आला, दिव्याखाली चकाकला, आणि दाताच्या उतारावरून ओघळून गेला. पुन्हा दुसरा.

ती नस होती. दाताचा जीव.

मी आयुष्यभर दाताला वस्तू समजत आले होते, कठीण, गार, घासायची, मोजायची. त्या ठिपक्याकडे बघताना पहिल्यांदा अंगावर काटा आला, की आपण ज्यानं ऊस सोलतो त्याच्या आत असं काही मऊ, ओलं, धडधडणारं आहे, मुळाच्या टोकातून शिरलेल्या धाग्याएवढ्या रक्तवाहिन्यांवर ते जगतं आहे, आणि त्याला उजेड दिसावा अशी त्याची कधीच योजना नव्हती.

मॅडमनी ओठ उलटा करून बोटांनी चाचपला. तुटलेल्या दाताचे कण कधी कधी ओठात घुसून बसतात. शेजारचे दात हलतात का पाहिलं, आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर हलकी टिचकी दिली, एक्स-रे काढला. मी विचारलं, सगळेच विचारतात तसं, “नस मारावी लागेल का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “नसच तर वाचवायची आहे.” आणि एक्स-रेवर बोट ठेवून त्यांनी मला मूळ दाखवलं. ते टोकाशी मिटलेलं नव्हतं. दोन बाजूंच्या भिंती पातळ, आणि खाली तोंड उघडं. पटाशीचा दात तोंडात दिसायला लागल्यावरही त्याचं मूळ पुढची दोन-तीन वर्षं आत वाढत असतं. वाढवते ती नस. ती आता मेली तर मूळ जिथं आहे तिथंच थांबेल, भिंती जन्मभर कागदी राहतील, आणि पुढे कधी साध्या धक्क्यानंही दात हिरडीशी मोडेल. वरचा तुकडा बसवता येतो, नाही मिळाला तर घडवता येतो. आतलं काम मात्र त्या नसेशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

“आपण फक्त झाकायचं,” मॅडम म्हणाल्या.

झाकायचं, हे ऐकलं आणि मला आत्या दिसली.

माझ्या आत्याचा पुढचा दात लहानपणी विहिरीवर रहाटाचा दांडा लागून तुटला होता. हळद भरली असेल, चार दिवस पातळ भात खायला घातला असेल, आणि मग घर आपल्या कामाला लागलं असेल. दात तसाच राहिला. वर्षं गेली तसा तो राखाडी झाला, मग काळसर. मी तिला पाहिलं ते तसंच. तिच्या लग्नाच्या फोटोत तिचे ओठ असे घट्ट मिटलेले आहेत की पाहणाऱ्याला वाटावं, मुलगी रागीट आहे. आणि ती तर आमच्या सगळ्या गोतावळ्यातली सर्वांत हसरी बाई होती. हसू यायच्या आधी तिचा पदर यायचा. डोळे हसायचे, खांदे गदगदायचे, आणि तोंडावर ते हिरव्या काठाचं लुगडं. आम्हा पोरांना वाटायचं बायका असंच हसतात. मीही लहानपणी फ्रॉकचं टोक तोंडावर धरून हसून पाहिलं होतं. वरण ढवळताना, जात्यावर बसल्यावर, एकटी असली तरीसुद्धा ती पदर घ्यायची. कुणासाठी घेत होती कोण जाणे. तिच्या दातातली ती ओली जागा त्या दिवशी विहिरीवर कुणी झाकली नाही, आणि तिनं जन्मभर हसू झाकलं.

दात काळा का पडला हे तिला कधी कळलं नाही. आत नस मेली होती, तिचं रक्त डेंटिनच्या त्या हजारो नळ्यांत मुरलं होतं. उजेड आत जायचा आणि परत येताना ऊब घेऊन यायला आत काही उरलं नव्हतं.

भुलीचं इंजेक्शन, मग दाताभोवती ताणलेलं निळं रबर. त्या रबराच्या पडद्यातून फक्त तिचे दात वर दिसत होते आणि बाकीची माझी लेक खाली कुठंतरी माझा हात घट्ट धरून होती. मॅडमनी पाण्याच्या बारीक फवाऱ्याखाली नसेचा वरचा, बाहेर उघडा पडलेला, फार तर दोन मिलिमीटर भाग काढला. मग सलाइनमध्ये भिजवलेला कापूस त्या खळगीवर ठेवला आणि हात बाजूला घेतला.

आम्ही थांबलो. बाहेर कुणीतरी गणपतीच्या मांडवाचे बांबू उतरवत होतं. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. रक्त आपणहून थांबलं की समजायचं, खालची नस निरोगी आहे. औषधानं थांबवायचं नाही, ते थांबण्याची वाट पाहायची. कापूस उचलला. खळगीत गुलाबी, स्वच्छ, शांत. मग तिच्यावर पांढरं औषध.

या उपचाराला दंतवैद्यांच्या जगात मिओमिर त्स्वेक यांचं नाव आहे. स्वीडनमधल्या या डॉक्टरांनी 1978 मध्ये 60 तुटलेल्या पटाशीच्या दातांवरचं आपलं काम छापलं. थोडंसं काढायचं, कॅल्शियम हायड्रॉक्साइडनं झाकायचं आणि सोडून द्यायचं. 96 टक्के दातांमध्ये जखम बरी झाली. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपला भिजवलेला चुनाच. आता त्याच्याहून नवी औषधं आली आहेत, पण विचार तोच. औषधाखाली नस स्वतःच स्वतःवर डेंटिनचा एक पूल बांधते, ज्या बाजूनं घाव आला ती बाजू आतून बंद करते, आणि मग पुन्हा आपल्या कामाला, मूळ वाढवायला, लागते. मला त्या त्स्वेकांच्या विनयाचं फार कौतुक वाटतं. वैद्यकात काढून टाकणं सोपं असतं, भरून टाकणंही सोपं असतं. या माणसानं कुठं थांबायचं ते मोजलं.

आता तुकडा. मॅडमनी तो दुधातून काढून धुतला आणि दाताशी धरून पाहिला. त्या तिरक्या रेषेवर तो असा बसला की माझ्या तोंडून हुंदका फुटला.

चिकटवायचं कसं, याची गोष्ट मी मॅडमकडून नंतर काढून घेतली. दात ओला, गुळगुळीत; त्याला काहीच धरत नसे. अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याच्या लक्षात आलं की कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यानं तेच दाताला लावून पाहिलं आणि 1955 मध्ये छापलं. आज जगात कुठंही तुटलेला दात जोडला जातो तेव्हा त्या रंगाऱ्यांचा हात त्यात असतो. आम्लाची निळी जेल काही सेकंद लेकीच्या दातावर राहिली, धुतली गेली, दात हवेनं वाळवला, आणि ती चकाकणारी कड खडूसारखी निस्तेज पांढरी झाली. इतकी वर्षं जपलेली चकाकी गेली म्हणून माझ्या पोटात कालवलं. पण त्या निस्तेजपणात असंख्य बारीक खाचा असतात, आणि त्या खाचांमध्येच पातळ राळ शिरते आणि घट्ट होऊन बसते. गुळगुळीत होता तोवर त्याला कुणी धरू शकत नव्हतं.

मग नारिंगी काचेआडून निळा दिवा. तुकडा बोटानं दाबून धरलेला, दिव्याची नळी दाताशी, आणि लेकीचं सगळं तोंड आतून निळं उजळलेलं, गालसुद्धा. राळेत कॅम्फरक्विनोन नावाचा एक पिवळा पदार्थ असतो. तो निळा उजेड पितो आणि बाकीच्या राळेला घट्ट व्हायला लावतो. तो कापरापासून करतात.

कापूर! त्याच आठवड्यात घरात गणपती बसले. लेकीनं तबक धरलं होतं, कापराची ज्योत तिच्या चेहऱ्यावर हलत होती, आणि तो वास आला तशी मी आरतीचे शब्द विसरले. कापूर जळतो तेव्हा मागे काही ठेवत नाही, राखसुद्धा नाही, म्हणून तर तो देवापुढे. आणि त्याच्याच कुळातलं काहीतरी माझ्या लेकीच्या तोंडात उजेड पिऊन दगड होऊन राहिलं होतं.

गौरीच्या जेवणाला आलेल्या पाहुण्यांत कुणीतरी कौतुकानं म्हणालं, “गणपतीसारखी एकदंत झालीस की गं!” ती हसली नाही. मुलाला असं म्हणू नये. देवाची गोष्ट मोठी आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलीला त्या घटकेला देवासारखं व्हायचं नसतं, वर्गातल्या बाकीच्या मुलींसारखं व्हायचं असतं. रात्री ती आरशासमोर बराच वेळ उभी होती. जोड चांगला होता, तरी तुकडा काही दिवस शेजाऱ्यापेक्षा पांढरा दिसत होता. उपचारात वाळला होता, लाळेत भिजून पूर्ववत व्हायला वेळ लागणार होता. जोडाची रेष तिला दिसत होती. मला दिसत नव्हती, आणि “काही दिसत नाही गं” असं म्हणावंसं वाटत होतं, पण म्हटलं नाही. तिची जीभ दिवसभर त्या रेषेवरून फिरायची. बोलता बोलता ती थांबायची आणि तिची नजर आत वळायची. जीभ तिथं जाऊन यायची, आणि मग वाक्य पुढे.

जेवण मऊ, चावायचं बाजूच्या दातांनी, मोदक चमच्यानं. रोज रात्री मऊ ब्रश.

काही आठवड्यांनी जोडावरून राळेचा हात फिरवायचा होता, दाताच्या रंगाला जुळेल असा. मॅडमनी ट्यूबलाइट बंद केला आणि तिला खिडकीशी नेलं. छटांची पट्टी काढली, कृत्रिम दातांची, ए, बी, सी, डी अशा नावांची. तांबूस, पिवळट, राखाडी. एकेक तिच्या ओठाशी धरत गेल्या. दाताचा रंग दिवसाच्या उजेडातच ठरवायचा आणि दात ओला असतानाच, नाहीतर तो खोटं सांगतो. ढगाळ दुपार होती, उजेड मऊ होता. आम्ही दोन बायका एका मुलीच्या चेहऱ्यावर वाकून इतक्या निरखून तिच्या दातातला उजेड पाहत होतो की तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं. हात तोंडावर गेला नाही. मी पाहिलं, गेला नाही.

मला त्या घटकेला आत्याला बोलवावंसं वाटलं, लुगड्यासकट, त्या खिडकीत.

पुढचं सगळं वाट पाहणं. अशा दाताला सहा-आठ आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं पाहावं लागतं. बाहेरून सगळं ठीक दिसत असतं आणि आत नस गुपचूप मेलेली असू शकते. रंग बदलतो का, हिरडीवर पुळी येते का, रात्री ठणकतो का. घरात मी तिच्याशी बोलताना तिच्या डोळ्यांकडे पाहायचे आणि दाताकडे पाहायचे. दवाखान्यात मॅडम गार केलेला कापसाचा बोळा दातावर टेकवायच्या. पहिल्या खेपेला ती म्हणाली, “काही नाही.” मी मॅडमकडे पाहिलं. मार बसल्यावर दात काही महिने मुका होऊ शकतो, त्याचा अर्थ मेला असाच नाही, त्या म्हणाल्या. तरी घरी येताना रस्ता फार लांब वाटला.

नंतरच्या एका खेपेला बोळा टेकवला आणि ती ओरडली, “आई गं! गार!”

कुणाच्या कळेनं मला इतका आनंद कधी झाला नव्हता. शेजारच्या दाताला लावला, तितकंच गार. आम्हा दोघींची तोंडं बघून तिला वाटलं असेल, या बायकांना झालंय तरी काय. वर्षाच्या एक्स-रेत औषधाखाली एक पांढरी रेघ आली होती, तो पूल; आणि मूळ खाली लांबलं होतं, भिंती जाडावल्या होत्या, टोक मिटत आलं होतं. माझी लेक शाळेत जात होती, सहामाही देत होती, मैत्रिणींशी भांडत होती, झोपत होती, आणि एवढ्या काळात ते आपलं काम करत राहिलं होतं, तिच्या तान्हेपणी अंधारात झालं होतं तसंच.

तुकडा कायमचा आहे असं मॅडम म्हणाल्या नाहीत. पुन्हा निघू शकतो, रेष पुढे पिवळी पडू शकते, मोठेपणी दुसरं काही करावं लागेल. त्याचं मला आता भय वाटत नाही. निघाला तर दुधात घालू.

खांबावरचा सूर तिनं सोडला नाही, आणि मी सोड म्हटलं नाही. तेवढ्यासाठी मॅडमनी तिच्या दातांचा साचा घेतला, गुलाबी थंड लगदा तोंडात धरून ती डोळे मोठे करून बसली, आणि पुढच्या खेपेला माउथगार्ड तयार होतं. रंग तिनंच निवडलेला, झगझगीत नारिंगी. दात अजून नवे येतायत, वाढ होईल तसं ते बदलावं लागेल, असं मॅडम सांगत होत्या. सरही आले होते, बाकीच्या पोरींसाठी किती पडतील ते विचारायला. लेकीनं ते वर दाबून बसवलं, ओठ मिटले, उघडले. “स” म्हणून पाहिलं, नीट आला नाही. माझं नाव घेतलं, तेही अडखळलं. मग सर म्हणाले, “खो दे बघू.”

तिनं दिला. तो घशातून येतो, त्याला पुढचे दात लागत नाहीत. बाहेरच्या बाकावर बसलेले आजोबा दचकून उठले आणि दार ढकलून आत डोकावले, तर सर त्यांना म्हणत होते, “काही नाही बाबा, आमची पोरगी आहे.”